मोठ्या बाईंचा उतार

कारखान्यात त्याला सगळे मामाच म्हणायचे. खरं तर तो मामा होता एकटीचाच, ताईच्या मुलीचा. पण ती पोरगी बोलायला लागल्यापासून दिवसभर कारखान्यातच बागडायची आणि ‘मामा, मामा’ करत त्याच्या मागे लागायची. त्यामुळे शिवणाच्या काकूंपासून सामान न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्याला बिनदिक्कत मामा म्हणायची आणि तो ओ द्यायचा.

कारखाना म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. एका गॅरेजच्या मागे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काकूंचं शिलाई मशीन आणि कापायचं टेबल, मागच्या खोलीत भावोजींचा साच्याचा प्रेस, आणि दोन्हींत भरून राहिलेला चिकटवायच्या सोल्युशनचा वास. इथे सायकलच्या सीटा बनायच्या, त्याही फक्त डोंगरात सायकल हाणणाऱ्या लोकांसाठी. ताई आकार काढायची, भावोजी साच्यात दाबायचे, काकू वरचं कव्हर चढवून शिवायच्या आणि मामा बसायचा.

हे शेवटचं काम ऐकलं की लोक हसायचे. बायकोच्या माहेरी कुणी पाहुण्याने विचारलं, “जावई काय करतात?” तर ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, “बसतात.” मग सगळ्यांचं खुसूखुसू हसून झालं की पुढे म्हणायची, “पण त्यांना त्याचा पगार मिळतो. तुमच्यासारखे फुकट नाही बसत.” मामाला या विनोदाचा आतून अभिमानच वाटायचा. बुडाला इतकी अक्कल असलेला माणूस पंचक्रोशीत दुसरा नाही, असं भावोजी म्हणायचे आणि ते खरंच होतं. फोम एका बाजूला कणभर जास्त दाबला गेला असला तरी मामा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊन सांगायचा, “डावीकडे टोचतेय.”

गल्लीत कळायचं ते एवढंच. सीटची खरी परीक्षा डोंगरावर व्हायची. तिथे आधी लांबलचक चढाची वाट, मग झाडांची मुळं उघडी पडलेला पट्टा आणि शेवटी मोठ्या बाई.

मोठ्या बाई म्हणजे एक काळा कातळ. दुमजली घराएवढा उंच आणि घसरगुंडीसारखा कललेला. वर उभं राहिलं तर खाली झाडांचे शेंडे दिसतात, वाट दिसतच नाही. मुख्याध्यापिकेच्या खोलीत शिरताना पोरांचं बोलणं जसं आपोआप बंद होतं, तसं इथे आल्यावर सायकलवाल्यांचं होतं, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते टिकलं. इथून उतरायची रीत एकच. हात लांब करायचे आणि बूड सीटवरून उचलून पार मागच्या चाकावर न्यायचं, इतकं मागे की पोट सीटला टेकावं. कातळ संपतो तिथे समोरच एक जुनं जाडजूड झाड उभं आहे. तिथे पोचायच्या आत अंग पुन्हा पुढे घ्यायचं आणि उजवीकडे वळायचं. पुढे यायला जरा उशीर झाला की गाठ झाडाशी.

म्हणून मामा डोंगरावरून परत आला की ताईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “मग? मोठ्या बाई काय म्हणाल्या?”

“पास,” मामा म्हणायचा.

तरी नुसत्या शब्दावर भागत नसे. प्रत्येक नव्या सीटबरोबर काकू मामाला एक कोरी चड्डी शिवून द्यायच्या. तीच घालून तो पुन्हा पुन्हा डोंगरावर जायचा आणि मग ताई ती चड्डी खिडकीशी नेऊन उजेडात धरायची. पुढचं कापड विरलं असेल तर माणूस चढावर घसरतोय. मागच्या शिवणीजवळ गुळगुळीत, चकचकीत पट्टा उमटला असेल तर उतारावर अंग नीट मागेपुढे झालंय. पास झालेल्या सीटची चड्डी भिंतीवर खुंटीला टांगली जायची. बाहेरचा कुणी पहिल्यांदा आला की त्याला वाटायचं, कारखान्यात कपडे वाळत घातलेत. पण ताईच्या दृष्टीने ती भिंत म्हणजे कारखान्याची अब्रू होती.

अशा या कामात मामाची अर्धी हयात मजेत गेली. आणि मग एका सकाळी, कातळ दवाने ओला असताना, तो मोठ्या बाईंवरून पडला.

लागलं म्हणाल तर काहीच नाही. कोपर खरचटलं, हेल्मेटला चीर गेली. त्याने कपडे झटकले, सायकल उचलली आणि घरी येऊन जेवलासुद्धा. पण पडल्या पडल्या त्याने खालून वर पाहिलं होतं, आणि तेव्हा मनात जी भीती बसली ती उठेना. हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं. मोडलेल्या हाडाची कुणाला लाज वाटत नाही. लोक विचारपूस करायला येतात, आणि ‘आता झेपत नाही’ म्हणायला एक सोय होते. नुसत्या भीतीला काय सांगणार? त्यात ज्याच्या हिमतीवर अख्ख्या कारखान्याची भिस्त, त्याने?

पुढच्या वेळी तो वर गेला, कातळाच्या तोंडाशी थांबला आणि सायकलवरून उतरला. आजच्या दिवस, असं त्याने स्वतःला सांगितलं. सायकल हाताशी धरून, खाचाखोचांत पाय रोवत तो खाली आला. त्याच्या पुढच्या वेळीही आजच्याच दिवस. मग मात्र स्वतःला काही सांगायचंही त्याने सोडून दिलं.

पण चड्डीचं काय? पट्टा उमटायला तर हवा! इथे मामाने जे केलं ते सांगताना सांगणाऱ्यालाच खाली बघावंसं वाटतं. कातळाच्या पायथ्याचं ते जुनं झाड आहे ना, त्याला त्याने सायकल टेकवली. एका हाताने फांदी धरली. आणि उभ्या सायकलवर बसून, लाकडी घोड्यावर पोर झुलावं तसा, तो बूड मागेपुढे घासत राहिला. चांगला घोडनवरा झाल्यावर लग्न केलेला, डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागलेला बाप्या! कुठलंसं एक भटकं कुत्रं तिथे येऊन बसायचं आणि मान तिरकी करून हा प्रकार बघायचं. “काय बघतोस रे?” मामा त्याच्यावर खेकसायचा. ते जाईपर्यंत थांबायचा. माणसांची तर लाज वाटतेच, पण त्याला त्या कुत्र्याचीही वाटायची.

ताईने चड्डी उजेडात धरली. पट्टा होता. चड्डी खुंटीवर गेली. तिच्यानंतर दुसरी गेली, मग तिसरी. सीटा विकल्या गेल्या, कुठून तक्रार आली नाही. कारण त्या सगळ्या सीटा होत्या गुळगुळीत. त्यांच्यावरून मागे सरकायला आणि पुढे यायला कसली आडकाठीच नव्हती. मामाचं खोटं खपलं ते मामाच्या हुशारीने नव्हे.

मग आली गोचीड.

हे नाव भावोजींचं. चढावर सायकल मारताना माणूस सीटवरून मागे मागे घसरतो, स्वतःला पुढे ओढून ओढून त्याचे हात भरून येतात, अशी गिऱ्हाइकांची जुनी कुरकुर होती. ताईने त्यावर उपाय काढला: कव्हरला बारीक दाण्यांचं रबर. हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखं लागायचं. बसलेला माणूस हलता हलेना, म्हणून गोचीड. ताईने यावर जितकं डोकं घातलं होतं तितकं कशावरच घातलं नव्हतं. झोपेतसुद्धा दाणे मोजते, असं भावोजी म्हणायचे.

मामाने ती डोंगरावर नेली आणि चढावर तो खरोखर खूश झाला. परत येऊन त्याने जे सांगितलं ते मनापासून सांगितलं, “ताई, माणूस चिकटून बसतो गं. हात मोकळे. काय सीट काढलीस तू!”

“आणि मोठ्या बाई काय म्हणाल्या?”

“पास.”

हेही त्याच सुरात निघालं, अडखळलं नाही. झाडाखाली घासताना चड्डी मागच्या कडेला अडकली होती, हे त्याला ठाऊक होतं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हाताने ओढून सोडवावी लागली होती आणि एक धागा उसवून बाहेर आला होता. पकड चांगली आहे म्हणायची, असा विचार करून त्याने तो धागा बोटाने आत दाबला होता.

काकूंच्या नजरेतून धागा सुटतो होय! “हा कशाने निघाला हो मामा?”

“काटेरी झुडूप होतं.”

“झुडपावर बसायला गेला होतात की काय?”

सगळे हसले. मामाही हसला. गोचिडीची चड्डी खुंटीवर गेली.

आता ताईच्या मुलीबद्दल सांगायला हवं. तिला घरीदारी भिंगरी म्हणत. एका जागी ठरायचीच नाही. चालायच्या आधी ती मामाच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसली, आणि धड अक्षरं गिरवता येत नव्हती तेव्हापासून मामा तिच्या सीटला धरून मागे धावला. मोठ्या बाईंवरून तिला पहिल्यांदा उतरवलं तेही त्यानेच, त्याच्या पडण्याच्या आधी. खाली झाडापाशी उभा राहून तो ओरडत होता, “मागे जा, आणखी मागे, आता ये पुढे!” आता ती मोठी झाली होती. शर्यतीच्या संघात निवड व्हावी म्हणून रोज सकाळी डोंगरावर जात होती आणि कातळ असा उतरत होती की बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं.

“गोचीड मामाने पास केलीय ना?” ती म्हणाली. “मग पहिली मला.”

तिने ती स्वतःच्या हाताने सायकलला बसवली. मामा शेजारी उभा राहून पाना देत होता. त्याच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, नाही असं नाही. पण ‘पहिल्यांदा जरा जपून’ एवढंच म्हणून त्याने वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात चहा चालू असताना फोन आला. दोघा सायकलवाल्यांनी तिला झाडाखालून उचलून दवाखान्यात नेलं होतं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, गाल सोलवटला होता. जिवावरचं हाडावर निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. ताईच्या हातातला कप तसाच टेबलावर राहिला. मामा सगळ्यांच्या मागून दवाखान्यात गेला आणि सगळ्यांच्या मागेच उभा राहिला.

घरचं सगळं जरा सावरल्यावर ताई कारखान्यात आली ती लेकीची चड्डी घेऊन. मागची शिवण उसवून कापड टरकन फाटलं होतं. तिने खुंटीवरची मामाची चड्डी काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी उजेडात धरल्या. भावोजींनी प्रेस थांबवला. काकूंनी मशीनवरचा पाय काढला.

“ही बघा,” ताई सगळ्यांना म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. “मामाच्या चड्डीला पट्टा आहे. म्हणजे सीट माणसाला सोडते. हिची फाटली, म्हणजे ही मागे गेलीच नाही वेळेवर. बसून राहिली आणि शेवटी धडपडली. घाबरली कार्टी.”

“ती घाबरणाऱ्यातली नाही,” भावोजी म्हणाले.

“मग मामाने काय खोटं सांगितलं?” ताई चिडून म्हणाली.

हे ती बोलून गेली ते मामावरच्या विश्वासाने. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मामाला त्या घडीला कळलं. बोलायला हीच वेळ होती. त्याने तोंड उघडलं, आणि काकूंना वाटलं त्याला पाणी हवंय, म्हणून त्यांनी तांब्या पुढे केला. तो पाणी प्यायला. भावोजींनी प्रेस पुन्हा सुरू केला. मागच्या खोलीत एकेक गोचीड साच्यातून बाहेर पडायला लागली आणि प्रत्येक वेळी तो धप्प आवाज मामाच्या छातीत होत होता.

संध्याकाळी तो भिंगरीला बघायला गेला. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, हात गळ्यात बांधलेला. एका जागी बसलेली भिंगरी बघायची त्याला सवयच नव्हती.

“आई म्हणाली ते बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी घाबरले असणार.”

“असं कुठे...”

“मला वाटत होतं मी मागे गेले. अगदी नीट गेले, असंच आठवतंय. पण आठवण काय, आपल्या सोयीची असते. चड्डी कशाला खोटं बोलेल?” तिने बाहेर पाहिलं. “आपण घाबरलोय हे आपल्यालाच कळू नये, याची जास्त भीती वाटते मला. मी निवडीला नाही जाणार, मामा. सायकल विकून टाक माझी.”

“वेडी आहेस का?”

“तू पडलास, उठलास आणि परत उतरायला लागलास. तुझं बघूनच मी शिकले. माझ्यात ते नाही, एवढंच.”

स्वतःची अब्रू झाकायला आपण या पोरीची हिंमत चोरली, हे मामाला इतकं स्वच्छ दिसलं की बसवेना. तो उठला. दारापर्यंत गेला. ती मागून म्हणाली, “मामा, एक करशील? एकदा मला उतरून दाखव. गोचिडीवरच. मी खाली उभी राहीन. माझं कुठे चुकलं ते तरी कळू दे.”

“दाखवतो,” मामा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्याने मनाशी पक्कं ठरवलं होतं हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. उतरायचं. अडकलो तर अडकलो, पडलो तर पडलो. तिच्या डोळ्यांदेखत पडलो तर सीटची चूक आपोआप उघडी होईल, तिची सुटका होईल आणि आपलं झाकलेलं झाकलेलंच राहील. यातही लबाडी होती, ती त्यालाही कळत होती. पण निदान एक हाड देऊन फेड होईल असा त्याचा हिशेब होता.

सकाळी दोघं डोंगरावर गेली. भिंगरी दुसऱ्या वाटेने सावकाश चालत पायथ्याशी जाऊन झाडाला टेकून उभी राहिली. मामा वर कातळाच्या तोंडाशी आला. गोचिडीवर बसला. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. खाली झाडांचे शेंडे. त्यांच्या खाली कुठेतरी ती.

“ये मामा!” तिचा आवाज आला.

तो आला नाही. बोटं ब्रेकवर अशी आवळली गेली की सुटेनात. त्याने स्वतःला शिव्या घातल्या, पोरीचा सोललेला गाल आठवला, ताईचा कोरडा आवाज आठवला. काही उपयोग झाला नाही. जमिनीवरचा पाय जमिनीवरच राहिला. मग, तो ठरवायच्या आधीच, दुसरा पायही खाली आला.

सायकल हाताशी धरून तो उतरायला लागला. डावा पाय भेगेत, उजवा उंचवट्यावर, मग सायकल जरा पुढे सोडायची, पुन्हा डावा. मान वर करून तो सारखा झाडाकडे बघत होता. भिंगरी तिथे ताठ उभी होती.

तो खाली पोचला. काय बोलायचं ते सुचायच्या आत तीच म्हणाली, “माझ्यामुळे सायकलवर बसून नाही उतरलास ना? मी अशी समोर उभी, म्हणून जीव घाबरला असेल तुझा.”

आयता निसटायला रस्ता मिळाला होता, तोही तिने प्रेमाने करून दिलेला. ‘हो’ एवढं एक अक्षर. मामाची मान हलायच्या बेतात होती. पण भिंगरीच्या कपाळावर आठी पडली होती आणि ती त्याच्या बुटांकडे बघत होती.

“मामा,” ती हळूच म्हणाली, “तू एकदाही खाली बघितलं नाहीस. पाय कुठे ठेवायचा ते तुला पाठ आहे.”

मामाने मान खाली घातली. कुत्रं कुठूनसं आलं होतं आणि नेहमीच्या जागी बसलं होतं. त्याला हाकलायचंही मामाला सुचलं नाही. “पडलो तेव्हापासून,” तो म्हणाला. “त्यानंतर एकदाही उतरलो नाही. एकदाही नाही गं.”

“आणि चड्डीवरचा पट्टा?”

हे सांगता येण्यासारखं नव्हतं. जगात काही गोष्टी अशा असतात की त्या करता येतात पण बोलता येत नाहीत. म्हणून त्याने करून दाखवलं. सायकल त्याच झाडाला टेकवली, हँडलने साल जिथे घासून गुळगुळीत झाली होती तिथेच. फांदी धरली. ज्या पोरीच्या सीटला धरून तो मागे धावला होता तिच्यासमोर, पांढऱ्या होत चाललेल्या केसांचा तो माणूस उभ्या सायकलवर बसला आणि बूड मागेपुढे घासायला लागला. कान तापले. डोळे भरून आले. तरी तो थांबला नाही, कारण थांबलो तर पुन्हा धीर व्हायचा नाही हे त्याला माहीत होतं.

“आणखी मागे जा,” भिंगरी एकदम म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “मी जाते तेवढा. पोट सीटला लागू दे. हां. आता ये पुढे. पटकन!”

मामा पुढे यायला गेला. आला नाही. गोचिडीच्या मागच्या कडेने चड्डी पकडून ठेवली होती. त्याने हिसका दिला आणि टरकन आवाज झाला.

भिंगरी चांगल्या हाताने तोंड दाबून उभी राहिली. तिला हसू येतंय की रडू, ते मामाला कळेना. दोन्ही असावं.

“म्हणजे मी गेले होते मागे,” ती म्हणाली. “मामा, मी वेळेवर गेले होते. मी घाबरले नव्हते!”

“नव्हतीस,” मामा म्हणाला. “मी घाबरलो होतो.”

यावर ती त्याला काही बोलेल, ओरडेल, असं त्याला वाटलं होतं. त्याची तयारी होती. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती कातळाकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत, आणि तिचं सगळं अंग चुळबुळायला लागलं होतं. मामाला बरं वाटलं आणि आपल्याला बरं वाटतंय याचीही लाज वाटली.

परतीच्या वाटेवर मात्र ती बोलली. “आईला तू सांगायचं. मी नाही सांगणार. आणि आजच.”

फाटक्या चड्डीवर सदरा ओढून घेत मामा गल्लीतून चालत आला. कारखान्यात शिरताना त्याला मागच्या खोलीतला धप्प आवाज ऐकू आला. ताई टेबलाशी वाकून काहीतरी कापत होती. वर न बघता, सवयीने, तिने विचारलं, “मग? मोठ्या बाई काय म्हणाल्या?”

“भावोजी, प्रेस बंद करा,” मामा म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. उभ्यानेच, भिंतीकडे तोंड करून. झाडही सांगितलं, फांदीही सांगितली. काकूंनी मध्येच डोळ्यांना पदर लावला. भावोजी दाराच्या चौकटीत आले आणि तिथेच थांबले. पोरीच्या बापाने कानाखाली वाजवली असती तरी मामाने गाल पुढे केला असता. पण भावोजींनी नुसती त्याच्याकडे पाठ केली, आणि ते जास्त लागलं.

ताईने कात्री खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि भिंतीपाशी गेली. शेवटच्या खुंटीवरची गोचिडीची चड्डी तिने काढली आणि हातावर टाकली. मग तिच्या आधीची. मग आणखी एक. एकेक खुंटी मोकळी होत होती. मामाला वाटलं, ही आता सगळी भिंतच रिकामी करणार. जुन्या, रंग उडालेल्या चड्ड्यांपाशी येऊन तिचा हात थांबला.

“कुठपर्यंत?” तिने विचारलं.

“तिथपर्यंतच,” मामा म्हणाला. “त्या जुन्या... मी उतरत होतो तेव्हाच्या.”

“नक्की?”

“तुझ्या गळ्याशपथ.”

ताईने त्या जुन्या चड्ड्यांतली एक खुंटीवरून काढली. खिडकीशी नेली, उजेडात धरली. मागच्या शिवणीजवळ जुना, झिजून पातळ झालेला पट्टा होता, त्यातून खिडकीचा गज दिसत होता. मग ताई परत गेली आणि ती चड्डी होती तिथेच टांगली.

“ह्या खऱ्या आहेत,” ती म्हणाली. “ह्या राहू देत.”

हातातला ढीग तिने मामाच्या हातात दिला आणि साच्यातल्या गोचिडी काढून टाकायला ती मागच्या खोलीत निघून गेली.